उजव्या हाताकडचं कुंपण

मी, खाली सही करणारी व्हर्लीन मे ओस्टरगार्ड, कै. डेल्मर ओस्टरगार्ड यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार उत्तर रस्ता, टॅलमन काउंटी, राज्य नेब्रास्का, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला इथे येतं कोण? माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री करण्यासाठी वकील श्री. टूमी यांनी मला आजचा वार विचारला आणि मग काउंटीच्या चतुःसीमा सांगायला लावल्या. मी सांगितल्या: उत्तरेला राज्याची हद्द, दक्षिणेला नदी, पूर्वेला वाळूच्या टेकड्या, पश्चिमेलाही वाळूच्या टेकड्या, आणि मधे गवत. ते म्हणाले, पुरे.

श्री. टूमी शेजारच्या काउंटीतून येतात, कारण आमच्यात वकील नाही. डॉक्टरही नाही. माणसं चारशेच्या आत-बाहेर, आणि गुरं किती ते विचारू नये. मी तीस वर्षं या भागात टपाल वाटलं. सुरुवातीला केलिंग गावापासून उत्तरेला निघालं की या एका रस्त्यावर चौदा पत्रपेट्या लागत. आता दोन आहेत, आधी लायल ब्रेमरची आणि मग माझी. माझ्या पुढे हाकेच्या अंतरावर दफनभूमी आहे, आणि तिथे रस्ता संपतो. डेल्मर तिथे आहे. हे सगळं आधी लिहून ठेवते, कारण पुढचं प्रत्येक कलम या रस्त्यावरूनच जातं.

कलम एक. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते डेल्मरने आणि मी मिळून केलं होतं आणि त्यात सगळं एकमेकांना दिलं होतं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

कलम दोन. बँकेतली शिल्लक, विम्याचे पैसे, डेल्मरचं घड्याळ आणि त्याच्या दोन्ही बंदुका माझा मुलगा कर्मिट याला द्याव्यात. तो डेन्व्हरला असतो. कर्मिट वाईट नाही, फक्त लांब आहे. दर रविवारी फोन करतो आणि हवा कशी आहे विचारतो. घर आणि जमीन त्याला देत नाही, आणि का देत नाही ते त्याला माहीत आहे. लायलची जमीन ज्या बाहेरच्या कंपनीने घेतली, तिलाच आपलीही विकून टाकावी आणि मी त्याच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला यावं, असं त्याचं म्हणणं.

"आई, तिथे आता कोणी राहत नाही," तो म्हणाला.

"मी राहते."

"तू एकटी म्हणजे काय वस्ती झाली का?"

याला माझं उत्तर आहे. ते कलम सहामध्ये आहे.

कलम तीन. अवजारं. टपालाची जुनी गाडी जो चालू करील त्याची. शिलाईचं यंत्र चर्चच्या बायकांना द्यावं, म्हणजे दोघींना. तार ताणायचा खटका, पकड आणि खुंट ठोकायचा घण हे लायल ब्रेमरला द्यावेत. त्याचा स्वतःचा खटका गंजला आहे. हे मला कसं माहीत, असं कोणी विचारील. कुंपणाची तार सैल दिसते त्यावरून माहीत.

कलम चार. ओट्याखालच्या कपाटात काचेची आणि चिनी मातीची सतरा भांडी आहेत. प्रत्येकाच्या बुडाला पट्टी चिकटवलेली असून तिच्यावर नाव आहे. डेल्मर गेला तेव्हा बायका त्यांतून जेवण घेऊन आल्या. इथली पद्धत अशी की मेलेल्याच्या घरी जेवण आपल्या भांड्यातून न्यायचं, आणि त्या घराने पुढे कधीतरी ते भांडं काहीतरी घालून परत करायचं. मी पहिलं वर्षभर काहीच शिजवलं नाही. नंतर शिजवायला लागले तोवर भांड्यांच्या मालकिणी एकेक करून दफनभूमीत जायला लागल्या किंवा लेकीकडे गेल्या. आता सतरांपैकी दोघी हयात आहेत. त्यांची भांडी त्यांना पोचवावीत. एक सोडून उरलेल्या चौदांचं काय करावं ते मला सुचत नाही; शाळेच्या स्वयंपाकघराला द्यावीत.

सतरावं भांडं निळ्या काठाचं आहे. बुडाला बर्नीस ब्रेमर असं नाव आहे. ती लायलची बायको. ते मी मुद्दाम परत केलं नाही. बर्नीस भली बाई होती आणि तिचा काही दोष नव्हता, तरी नाही केलं. तीही गेली. ते भांडं तिच्या नातीला, शायलाला, द्यावं. रिकामं देऊ नये. शीतकपाटात सफरचंदाचा मुरांबा असेल तो घालावा.

कलम पाच. आता कुंपणाबद्दल. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुंपणाचा इथला रिवाज लहान मुलालाही येतो. दोघांनी कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येतो, तो त्याने राखायचा. कागद नाही, कोर्ट नाही. आमच्या आणि ब्रेमरांच्या कुंपणाचा रस्त्याकडचा अर्धा भाग लायलच्या उजव्या हाताचा, टेकडीकडचा आमच्या.

डेल्मर गेला त्या वर्षी गवत कापायची घाई होती आणि लायलचा भाग तसाच राहिला. एका संध्याकाळी त्याच्या काळ्या गाई तुटलेल्या तारेतून रस्त्यावर आल्या. काळी गाय त्या वेळी दिसत नाही. डेल्मर गाडीने केलिंगहून माझी औषधं घेऊन येत होता. शेरीफ म्हणाले, यात कोणाचाच गुन्हा नाही. कायद्याने नसेलही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे सँडविच खात होते. लायल टोपी हातात धरून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "व्हर्लीन, तो भाग माझा होता." मी त्याच्या पेल्यात कॉफी ओतली, कारण हातात किटली होती, आणि पुढच्या माणसाकडे गेले. याला एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

बोलणं नाही एवढ्याने बाहेरच्याला काही कळणार नाही, म्हणून सांगते. इथे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. ओळखीचा असो, परका असो, ज्याच्याशी भांडण चालू आहे तो असो, उचलतात. मी टपालाच्या गाडीतून अख्ख्या काउंटीला बोट उचललं. लायलच्या गाडीला नाही. तो मात्र दर वेळी उचलतो. मी समोर बघते.

दुसरं असं की, पाचेक वर्षांपूर्वी माझ्या भागातल्या तारा कोणीतरी दुरुस्त केलेल्या दिसायला लागल्या. लायल डावखुरा आहे, त्याने पिळलेली तार उलटी पिळलेली असते. पहिल्या वर्षी मी त्याच्या सगळ्या गाठी कापल्या आणि पुन्हा माझ्या हाताने बांधल्या. आपला हात जगन्नाथ. या वसंतात एकही कापली नाही. मन वगैरे बदललं असं नाही. हातात जोर उरला नव्हता.

कलम सहा. घर, गोठा, पवनचक्की आणि जमीन.

गेल्या हिवाळ्यात काउंटीच्या मंडळाची बैठक झाली. ज्या रस्त्यावर राहतं घर नाही, तो रस्ता यापुढे सपाट करायचा नाही, त्यावरचा बर्फ काढायचा नाही आणि पुढे नकाशावरूनही काढायचा, असं ठरलं. रस्ते राखायला ज्यांना निवडून दिलं तेच रस्ते मिटवायला बसले, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. मी उठून विचारलं की दफनभूमीचं काय. अध्यक्ष चांगला मुलगा आहे, त्याच्या बापाची वर्तमानपत्रं मीच टाकायची. तो म्हणाला, "व्हर्लीनकाकू, तुम्ही आहात तोवर काळजी नाही." ते त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. लायलने जमीन विकली ती फक्त मरेपर्यंत राहायच्या हक्कावर, म्हणजे त्याच्यामागे ते घर पडणार. माझं घर बंद झालं की रस्ता संपला. मग डेल्मर गवतात, आणि तिथवर जायला वाट नाही. मला याचं रडू येत नाही. बरीच वर्षं मला कशाचंच येत नाही. पण ते होऊ द्यायचं नाही एवढं मला पक्कं माहीत आहे.

एप्रिलमध्ये शायला आली. ती केलिंगच्या शाळेत स्वयंपाक करते. शाळेत मुलं सात, त्यांतली दोन तिची. नवरा अदान काउंटीचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवतो. दारात उभी राहूनच तिने सांगितलं की रस्ते कमी झाले तसं अदानचं काम कमी झालं, वर्षअखेरीला सगळे मांसाच्या कारखान्याच्या गावी जाणार. मी मनात चार वजा केले. टपालाची सवय.

"आजी, एक मागायचं होतं," ती म्हणाली. "आम्ही गेल्यावर आजोबांवर जरा लक्ष ठेवाल?"

"मी तुझ्या आजोबांकडे एकोणीस वर्षं बघितलेलं नाही."

"बघता की. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा नसला तर तुमची गाडी फाटकापाशी हळू होते. तेच सांगतात. कधीकधी तर ते मुद्दाम दिवा उशिरा लावतात."

मी तिला बस म्हणाले. कॉफी दिली. दुसरं काय करणार होते, तेव्हाही मला कॉफीच सुचली होती.

तरी माझं घर, गोठा, पवनचक्की आणि सर्व जमीन मी शायला ब्रेमर पेन्या हिला देत आहे. अट एकच. तिने, अदानने आणि मुलांनी या घरात बारा महिने राहावं आणि पत्रपेटी उभी ठेवावी. दहा वर्षं राहिली की सगळं बिनशर्त तिचं. मधेच गेली तर कर्मिटने घ्यावं आणि हवं त्याला विकावं. शायलाला हे मी सांगितलं आहे. ती म्हणाली की माणसं इथून जायला लागतात त्यापेक्षा परत आणायला जास्त वर्षं लागतात, पण बघते. कारखान्याची नोकरी तिने अजून नाकारलेली नाही. म्हणून या कलमाचा शेवट मला माहीत नाही.

श्री. टूमी यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ब्रेमरांना माफ केलंत, असं लिहायचं का?" मी म्हणाले, लिहू नका. मला रस्ता हवा आहे.

कलम सात. माझ्या दफनाच्या वेळी पाद्री ओर्लीन व्हिक यांनी थोडकं बोलावं. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मला ठाऊक आहे, तरी ते कमीत कमी पिळावं. मी प्रेमळ होते असं सांगू नये, लोक एकमेकांकडे बघतील. टपाल वेळेवर यायचं एवढं सांगितलं तर ते खरं आहे.

कलम आठ. मला डेल्मरच्या डाव्या बाजूला ठेवावं. त्याच्या उजव्या बाजूला कुंपण आहे.

कलम नऊ. शवगाडी केलिंगहून उत्तर रस्त्याने येईल. दुसरा रस्ता नाही. ती लायल ब्रेमरच्या फाटकावरून जाईल, आणि लायल हयात असला तर फाटकाशी टोपी काढून उभा असेल, हे मी आत्ताच सांगते. तिथे गाडी थांबवू नये. गाडी हाकणाऱ्याने फक्त स्टिअरिंगवरून एक बोट उचलावं. उजव्या हाताचं. ते बोट माझं समजावं.

या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते वर नाव आलेल्या कोणाच्या नात्यातले नसावेत. टॅलमन काउंटीत असा माणूस शोधता शोधता आठवडा गेला. ज्याला त्याला ब्रेमरांची नाहीतर ओस्टरगार्डांची मुलगी दिलेली. शेवटी दोघेही बाहेरचे घेतले: पाद्री, ते तीन काउंट्यांची चर्चं सांभाळतात, आणि वेन्डेल क्रूग, ते शेजारच्या काउंटीत अंत्यविधीचं काम करतात आणि शवगाडी तेच चालवतात. श्री. क्रूग यांनी सही करण्यापूर्वी सगळी कलमं चष्मा लावून वाचली. त्यांची कॉफी निवली.

ठिकाण: उत्तर रस्त्यावरचं शेवटचं घर, टॅलमन काउंटी, नेब्रास्का
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

(सही) व्हर्लीन मे ओस्टरगार्ड

साक्षीदार:

१. (सही) पाद्री ओर्लीन व्हिक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात स्थिर होता.

२. (सही) वेन्डेल क्रूग. कलम नऊ वाचलं. उचलीन.