पिवळ्या शिवणीचे पिंप

इन-तेझर, खाणीमागची वस्ती
सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६, सकाळचे सव्वासहा

ती. गुमूरमामा यांस,
अल्गाबिदचा सलाम वि. वि.

पिंप वाळूने तिसऱ्यांदा घासून पालथे घातले आणि लिहायला बसलो. हात ओले आहेत, अक्षर फुटले तर क्षमा असावी.

परदेशात आमच्या खाणीतल्या पिवळ्या मातीचा भाव पडला म्हणून खाणीने खड्ड्याची उत्तर बाजू बंद केली आणि कामावरून काढलेल्या झाडूवाल्यांत पहिले नाव माझे निघाले. नोकरीबरोबर दवाखान्याचे कार्डही गेले. येथे भाकरीवाला, शिंपी, मौलवी, सगळे त्या खड्ड्यावरच जगतात. ज्याच्याकडे उसने मागायला जावे, तोच आधी हात पसरतो. म्हणून तुम्ही पाठवलेल्या पाच हजार फ्रँकमधून एक लोखंडी पिंप घेतले आणि गाढवगाडी भाड्याने ठरवली. कामगारांच्या चाळीत नळ आहेत, आमच्या वस्तीत नाहीत. तिथे भरायचे आणि इथे डब्याने विकायचे, असा बेत आहे.

शंका एकच आहे. पिंप खाणीच्या कुंपणापलीकडून आलेले भंगार आहे. त्याच्या शिवणीत पिवळी पूड बसली आहे, ती काही निघत नाही. आपला झर्मा जमातीचा सेयनी खाणीत तीच पिवळी माती पिंपांत भरतो. काल तो हे पिंप पाहून ओरडला की, अरे गुलामा, यात पाणी भरशील तर आईला पुरशील. त्यावर आई म्हणाली की, मालकिणीची काळजी करणारा गुलाम जन्मात पहिल्यांदा पाहिला. सगळी गल्ली हसली. मीही हसलो. पिंप मात्र तीनदा घासले.

काय करावे ते कळवावे. मायेची सावली अशीच असू द्यावी.

आपला भाचा,
अल्गाबिद


तिमिया, १७ फेब्रुवारी १९८६

चि. अल्गाबिद यास गुमूरमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. शुद्धलेखन सुधारले, अक्कल आहे तिथेच आहे. पणजोबांच्या काळापासून झर्मा आपल्या तुआरेगांना थट्टेने गुलाम म्हणतात आणि आपण त्यांना. राग धरायचा नाही आणि खरे मानायचे नाही, एवढाच या नात्याचा कायदा. तुझ्या बापाच्या लग्नात एका झर्म्याने भर मांडवात सांगितले होते की, नवरीच्या बुरख्याखाली बकरी आहे. म्हणून काय बाप पळून गेला? झर्मा डावीकडे म्हणाला की आपण उजवीकडे जावे, त्यासाठीच देवाने झर्मा घडवला.

भर पाणी. माझे पाच हजार पाण्यातून यायचे आहेत, घासण्यातून नव्हे. संत्र्यांना यंदा बहर बरा आहे. तुझ्या आईला, रायशाला म्हणावे, भाऊ अजून जिवंत आहे, विसरू नकोस.

जीव लावून आहेच,
गुमूर


इन-तेझर, सोमवार, २१ एप्रिल १९८६

ती. मामा यांस सलाम वि. वि.

धंदा बरा चालला आहे. डबे उतरवायच्या आत संपतात.

आईचे पाय सुजले आहेत. लघवी होत नाही, तोंडाला चव नाही. उन्हाने झाले असे ती म्हणते. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. दारावरच्या शिपायाने कार्ड मागितले. नाही म्हटल्यावर तो म्हणाला की, तुला पुन्हा कामावर घेतील तेव्हा आईला आजारी पडायला सांग. रांगेतले लोक हसले. तो शिपाई झर्माही नव्हता.

शुक्रवारी सेयनी घरी आला. शिव्या नाहीत, सोंग नाही. त्याने कुराणाची शपथ घेऊन सांगितले की, पिंप फोडून टाका, त्या पुडीला आम्ही हातमोज्याशिवाय शिवत नाही. आईला हसू आवरेना. ती म्हणाली की, एवढी सुरेख थट्टा तिच्या लग्नातही झाली नव्हती. त्याने पिंपावर दगड घातला तेव्हा तिने त्याला चप्पल फेकून मारली आणि हसता हसता तिला उलटी झाली.

मला एक गोष्ट खटकली. सेयनी चहाचा तिसरा पेला घेतल्याशिवाय कधी उठत नाही, वर साखर चोरतो. त्या दिवशी आईने दिलेला पहिलाच पेला त्याने वाळूत ओतला. आई म्हणाली की, गुलामाला खाणीचा पगार चढला. मामा, थट्टेत कोणी चहा ओततो का?

तुमचे उत्तर येईतो आईसाठी पाणी शेजारणीच्या मडक्यातून आणतो. पण ते मडकेही मीच भरतो.

उत्तर लवकर द्यावे, आठवण ठेवावी.
अल्गाबिद


तिमिया, ६ मे १९८६

चि. अल्गाबिद यास आशीर्वाद.

चहा ओतणे हा त्याचा नवा खेळ समज. चाळीस वर्षांची बाई उन्हात सुजते, त्यात नवल ते काय? तिला बकरीचे दूध दे आणि तू हाय खाणे सोड. पाणी विकणे थांबवलेस तर मी स्वतः येऊन पिंप उचलून नेईन, ते माझ्या पैशाचे आहे. बहिणीची काळजी मलाही आहे.

तुझाच,
गुमूर


इन-तेझर, सोमवार, ३० जून १९८६

ती. मामा यांस सलाम वि. वि.

ईदनंतरच्या गुरुवारी आई गेली. तार करायला पोस्टात गेलो होतो, पण तारयंत्र बंद होते.

कबर खणून झाल्यावर रिवाजाप्रमाणे सेयनी आत उतरून आडवा झाला. आमची गुलाम आम्हाला न विचारता कुठे निघाली, दंड भरा, नाहीतर उठत नाही, एवढे त्याने म्हणायचे असते.  तो म्हणाला की, दंडात ते पिंप द्या. माणसे पोट धरून हसली, मौलवींनीही तोंडावर हात धरला. मी पिंप दिले. त्याने त्याला कुदळीने भोके पाडली आणि कोरड्या ओढ्यात लोटून दिले. मला वाटले, संपले.

परवा पाळी सुटताना खाणीच्या फाटकावर गेलो. तिथे बिबाता नावाची झर्मा बाई चवळीची भजी तळते. तिच्या नव्या खोलगट तव्याच्या कडेला ती पिवळी रेघ होती. लोहाराला ओढ्यात पिंप सापडले होते.

मी तिला सगळ्यांदेखत सांगितले. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हणाली की, भुकेला तुआरेग फुकट भज्यासाठी आईलासुद्धा मारील. मी कुराणाची शपथ घेतली, तेव्हा कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला एक भजे पुढे केले. मी घेतले नाही. ती म्हणाली की, गुलामाला मस्ती आली.

शेवटी तवा विकत मागितला. तिने दुप्पट भाव सांगितला, तो दिला. तवा फोडून खोल पुरला आहे.

तुमचा लोभ तुटू नये, दुसरे कोणी उरले नाही. हिशेब पुढे देतो, तपासून पाहावा.

पिंप — ३,००० फ्रँक
गाढवगाडीचे भाडे — २,४०० फ्रँक
आईचे कफन — १,८०० फ्रँक
तवा — १,५०० फ्रँक
तुमचे देणे — ५,००० फ्रँक
लोहाराने एका पिंपाचे केलेले तवे — सात
पैकी परत घेतला — एक
बाकी — सहा. सहाही झर्मा बायकांनी नेले.