उजव्या पायाची खोड

ता. ४ मार्च

चि. टिकटिकबाईस,
अनेक आशीर्वाद.

मोटारसायकल विकली. मंगळवारी गिऱ्हाईक आलं, किक मारून आवाज ऐकला आणि घेऊन गेलं. मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही. स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत बसलो. नळ चांगला होता, आता गळतो.

पेट्रोल पंपावर ती उभ्याउभ्या माझ्या अंगावर कलंडून घोटा मोडला त्याला दीड वर्ष झालं. चालत्या गाडीवरून पडलो असतो तर सांगायला तरी बरं होतं. पावणेदोनशे किलोचं धूड ह्या घोट्याला आता पेलणार नाही, असं डॉक्टर, मुलगा आणि सूनबाई एका सुरात सांगतात. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. किती वजन कशावर टाकायचं ते मलाही कळतं.

म्हणजे रविवारचं येणं आता कायमचं बंद. बस तुमच्या चढाच्या पायथ्याशी सोडते, तिथून तासभर चढणं मला होणार नाही. मुलगा रविवारी कामावर असतो. मेहुणेबुवांना म्हणावं, बुद्धिबळ आपण पत्रातून खेळू. माझी पहिली चाल, राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे.

रागावू नकोस आणि लिहीत राहा.

तुझा
दादा


ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणतोस, पण मी रागावले आहे. टाइप केलेल्या अक्षरांत ते दिसत नाही एवढंच.

पत्रातून खेळू म्हणे. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचा उजवा हात गेला, जीभ अडखळते, तरी दर रविवारी डाव्या हाताने पट मांडून दाराकडे तोंड करून बसतात. दुपार झाली की मी पट उचलते. वर्षभर हेच चाललंय. ह्यांना सोडून मला खाली येता येत नाही, तुला वर चढता येत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तेव्हा प्याद्याचं राहू दे, तू ये.

मोठी झेपत नाही तर लहान घे. ह्यांना व्यायाम द्यायला नर्सबाई येतात, माझ्याहून बोटभर बुटक्या. त्यांची गाडी शंभर किलोची. थांबल्या की दोन्ही पाय सपाट जमिनीवर, आणि चढ न खोकता चढते. हत्ती गेला म्हणून घोड्यावर बसायचंच नाही, असं कुठे लिहिलंय?

माया आहे तेवढी ठेव, हट्ट तेवढा कमी कर.

तुझी
टिकटिक


ता. २ एप्रिल

चि. टिकटिकबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हट्टापुढे मी काय टिकणार. घेतली. सूनबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, बाबा, ही अजून वाढणार आहे का. मीही हसून घेतलं. पण तुला म्हणून सांगतो, पंपावर थांबलो, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा भीती वाटली नाही.

काल मात्र घात झाला. माझ्या जुन्या गाडीचा गियर उजव्या पायाला होता. हिचा डाव्या पायाला, आणि उजवीकडे ब्रेक. शाळेसमोर गियर बदलायला गेलो आणि चाळीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून पाववाल्याची गाडी वीतभर अंतरावर. तो नुसता डोक्याला हात लावून बसला. तसाच ढकलत घरी आलो.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि ही खोड मलाच घेऊन जायची. गाडी शेडमध्ये लावली आहे. मेहुण्यांना काय सांगायचं ते तूच ठरव.

ह्या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा
दादा


ता. १० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांना मी काहीच सांगणार नाही, कारण तू येणार आहेस.

ती म्हण मला ऐकवू नकोस. एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला तो तिला खोटं पाडायलाच. दोन बोटांनी बडवणारे कारकून यायचे आणि दहा बोटांनी टाइप करत जायचे. खोड काढता येत नाही, तिच्यावर दुसरी बसवावी लागते.

सोबत धडा पाठवते. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांखाली एकेक लाकडी ठोकळा. डावा म्हणजे गियर, उजवा म्हणजे ब्रेक. शब्द मोठ्याने म्हणायचा आणि तोच पाय दाबायचा. वीस ओळी, रोज सकाळी सातला. एक चूक झाली की पान रद्द, पुन्हा पहिल्या ओळीपासून. मनातल्या मनात म्हटलेलं चालणार नाही.

स्वतः केल्याशिवाय मी धडा कोणाला दिला नाही, म्हणून सातला मीही बसते. शब्द सांगायचं काम ह्यांचं. नर्सबाई महिनाभर ह्यांच्याकडून 'पाणी' म्हणवून घेत होत्या, ते काही आलं नाही. 'डावा' आणि 'उजवा' तिसऱ्या दिवशी स्वच्छ आले. मी चुकले की काठी आपटतात, आणि मी अधूनमधून चुकते.

मास्तरीणबाईंवर लोभ असू दे.

तुझी
टिकटिक


ता. २८ एप्रिल

चि. टिकटिकबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी सकाळी 'डावा, उजवा' ओरडायला लागलो की सूनबाई चहा ओतता ओतता थांबतात. मुलाने हळूच विचारलं, बाबा, बरं वाटतंय ना. अकरा पानं रद्द झाली. पण तिकडे शब्द कोण सांगतं ते वाचल्यावर एकही सकाळ चुकवली नाही.

काल बाजारातून, शाळेवरून, पुलावरून फिरून आलो. पाय चुकला नाही. रविवारी येतो. चढाची धास्ती आहे, खोटं कशाला बोलू.

पट मांडून ठेवा, आणि भेटेपर्यंत जपा.

तुझा
दादा


ता. ५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तू आलास ते मला कळलंच नाही. जुनी गाडी पायथ्यापासून वर्दी द्यायची. दूधवाला समजून मी आतूनच दोन पिशव्या ठेवायला सांगितल्या. ह्यांनी मात्र आधीच पांढरी प्यादी तुझ्या बाजूला फिरवली होती. तीन डाव हरलास. मुद्दाम हरला असशील तर त्यांना ते समजलंय, पुन्हा करू नकोस.

आता दुपारचं सांगते. गाडी माझ्या हातात देऊन एक चक्कर मार म्हणालास, तेव्हा मला थट्टाच वाटली. मोठी गाडी मला नुसती उभी धरायलाही जमायची नाही, म्हणून मी कधी मागितली नाही. हिच्यावर बसले तर पाय टेकले, आणि गियर बिनचूक पडले. माझ्या पायांना जुनी सवयच नव्हती ना. तू त्या घोट्याने मागून धावत होतास, त्याबद्दल वेगळं बोलणार आहे.

दादा, चाळीस वर्षं त्या रस्त्यावर तुझ्या मागे बसून मी फक्त तुझी पाठ पाहिली. आणि गेलं वर्षभर खिडकी आणि औषधाच्या बाटल्या. काल पहिल्यांदा समोर रस्ता होता. वळणापर्यंत गेले आणि परत फिरले. हे दारात खुर्चीवर हसत होते. हसू अर्ध्याच तोंडावर येतं, पण मला ते पुरतं. हेल्मेट काढायला मी इतका वेळ का लावला, असं तू विचारलंस. आत रडत होते, म्हणून.

घोट्याला शेक दे, सूनबाईंना आशीर्वाद सांग, माया पातळ होऊ देऊ नकोस. रविवारी लवकर ये. तुम्ही दोघं खेळत बसा, मी वळणाच्या पुढे जाऊन येते.

तुझी
टिकटिक