व्याजदर उतरले की

३ जानेवारी
आज सकाळी घरमालक स्वतः आले. म्हणाले, फ्लॅट विकायचाय, आठ वर्षं राहताय, पहिला हक्क तुमचा. ही लगेच हो म्हणणार होती, मी डोळ्यांनी दटावलं. व्याजदर चढे आहेत. उतरले की घेऊ.

१९ फेब्रुवारी
दर जैसे थे. हिची भुणभुण चालू. हिच्या शिकवण्या याच बिल्डिंगमधल्या अकरा मुलांवर चालतात. घर गेलं तर शिकवण्या गेल्या, म्हणते. बायकांना ग्राफ वाचता येत नाही.

८ एप्रिल
मालकांना तासभर लॅपटॉपवर ग्राफ समजावला. दर उतरले की घरांना कशी मागणी येते, सगळं. त्यांनी प्रिंट मागून घेतली. या वयात शिकायची हौस! कौतुक वाटलं.

२ जून
दर पाव टक्का उतरला!! मालकांना फोन केला. त्यांनी किंमत दहा टक्के वाढवलीय.
“तुम्हीच तर दाखवलंत, दर उतरले की गिऱ्हाइकं धावत येतात.”
फोन ठेवला. डोकं दुखतंय.

२० जून
आता किंमत पडेपर्यंत थांबायचं. ऑफिसातला कॅशियर म्हणतो, घर घ्यायची योग्य वेळ दहा वर्षांपूर्वी होती. याच्याशी बोलणं बंद.

११ ऑगस्ट
दर अर्धा टक्का वर. म्हणजे किंमत पडणार. फोन मात्र आपण करायचा नाही, गरज दिसते. ही हल्ली विषयच काढत नाही. पटलं असावं.

४ सप्टेंबर
किंमत पडली! अगदी मी म्हटलं होतं तेवढी. फोन केला. तळमजल्यावरच्या डेंटिस्टने परवाच टोकन दिलंय. सगळे पैसे रोख, व्याजदराशी त्याला देणंघेणंच नाही. अंदाज चुकला नव्हता, हे मी हिला दोनदा सांगितलं.
ती एवढंच म्हणाली, “अहो, मुलांना काय सांगू?”
फार वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी पाच
ऐन शिकवणीच्या वेळी डेंटिस्ट माप घ्यायला आला. दवाखाना वाढवायचाय. माणूस सभ्य, चपला बाहेर काढून आला. हिने मुलांना सतरंजीवरून उठवलं. मुलं वह्या मिटून कोपऱ्यात उभी राहिली. टेप एकट्याला धरता येईना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. हिच्याकडे बघवत नव्हतं.
अकरा फूट सात इंच. मीच वाचून दाखवलं.