दुसऱ्याच्या बिल्ल्यावर

४ फेब्रुवारी २०२५
सूतगिरणी पाडणार! तिथं गोदाम होणार म्हणे. त्याआधी जुन्या कामगारांचा मेळावा, आणि गिरणीचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात. का, तर मी दौंडला रेल्वेत कारकून, माझं अक्षर चांगलं! वडिलांना, आबांना म्हटलं, एकवीस वर्षं काढलीत तिथं, सांगा काहीतरी. "काय सांगायचं? सूत निघायचं." झाली मुलाखत!

९ फेब्रुवारी
शिरूरला गिरणीवर जाऊन आले. जुनी हजेरीबुकं पत्र्याच्या शेडमध्ये, निम्मी उंदरांनी खाल्लेली. सत्त्याण्णव सालच्या आगीचं पान मात्र शाबूत. कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात दुपारी एकला आग. 'सर्व कामगार सुखरूप' असा शेरा. आणि आबा हजर! पण त्या आठवड्यात आबा तापानं घरी पडून होते. गिरणी जळाली तेव्हा मी अंथरुणात होतो, हे त्यांनीच कितीदा सांगितलंय. मग?

१० फेब्रुवारी
कामात लक्ष नाही. दोन पावत्या चुकवल्या.

१३ फेब्रुवारी
भांडगावला बबनरावांकडे गेले. त्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम होते ते. पान दाखवलं तर हसले. "अगं, तवा चालायचंच तसं. परमनंट मानूस आजारी पडला की त्याच्या बिल्ल्यावर, म्हंजी त्याच्याच नावानं आन् नंबरानं, घरातला दुसरा यायचा. खाडा न्हाई, बोंब न्हाई."
म्हटलं, आबांच्या बिल्ल्यावर कोण आलं होतं?
हसू गेलं. मग — "शंभू."
शंभूकाका! आबांचा धाकटा भाऊ. तो सुरतेला पळून गेला, पुन्हा फिरकला नाही — जन्मापासून हेच ऐकलंय मी!
"कुठली सुरत, पोरी? त्या आगीतच गेला त्यो. बुकात मल्हारी, म्हंजी तुझे आबा, हजर, आन् मल्हारी तर जित्ता. मंग मेलं कोन? कुनीच न्हाई. खरं बोललो असतो तर मी आन् तुझे आबा, दोघं बी आत गेलो असतो. तुझे आबा तापात फणफणत आले. रातीच गुपचूप नदीवर नेऊन अग्नी दिला आमी त्याला."
अक्षर बघा आता माझं!

१४ फेब्रुवारी
रतनकाकूनं सकाळी आरशात बघून कुंकू लावलं. नवऱ्याच्या, शंभूकाकाच्या नावाचं. अठ्ठावीस वर्षं! मला बघवेना. आबांना गाठलं. "व्हय," एवढंच. मग म्हणाले, "रतनला कळलं तर जीव दील ती." संताप संताप झाला. आई शेतात जायची तेव्हा जिनं मला न्हाऊमाखू घातलं, तिला असं फसवायचं? मेळाव्यात कुणाच्या तरी तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकू दे. उद्या सांगणार.

१५ फेब्रुवारी
सांगितलं. काकू शेंगा फोडत होती. हात थांबला नाही.
"त्या दिशी त्यांची भाकरी घिऊन गेटवरच हुते की मी. समदं बघितलं." टरफलं बाजूला सारून म्हणाली — "तुझ्या आबांस्नी सांगू नगं, मला ठावं हाय म्हून. सोसायचं न्हाई त्यांस्नी."