आमचं मंडळ कोणाचंच नाही

९ जुलै १९८३, शनिवार

चोवीस बाया आल्या! मी दहा धरून चालली होती. सतरंजी पुरली नाही, कुसुमवहिनीनं आपल्या घरून दुसरी आणवली. लेकरं वेगळी – ती मोजलीच नाहीत.

दवाखान्यातल्या नर्सबाई बोलल्या. हिंदीत बोलल्या, पण सगळ्यांना समजलं. लेकराला जुलाब लागले की पाणी बंद करायचं नाही, उलट जास्त द्यायचं. उकळून थंड केलेलं एक गिलास पाणी, तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, एक चमचा साखर. घोट घोट पाजत राहायचं. गुणवंताबाई मागून म्हणाल्या, "पाणी देल्लं तं अजूनच नाही होणार का जी?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न सगळ्यांचाच होता. मागच्या पावसाळ्यात आमच्या नितूला जुलाब लागले तेव्हा मीच दोन दिवस त्याचं पाणी बंद केलं होतं. सासूबाई म्हणाल्या म्हणून. पोरगं वाचलं हे नशीब! तिथं काही बोलली नाही. इथं लिहून ठेवते.

नाव ठरलं – मातृ मंडळ. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की दुपारी आमच्या ओसरीवर. नियम एकच – लेकरांशिवाय दुसरा विषय काढायचा नाही.

११ जुलै, सोमवार

शाळेत मधल्या सुट्टीत मंगलाला मंडळाचं सांगितलं. तिच्याकडे दुसरी, माझ्याकडे तिसरी. चार वर्षं झाली, एकाच बाकावर बसून डबा खातो. ती म्हणते, "चोवीस बाया अन् भांडण नाही? विजूताई, मंग ते मंडळ नसन." तिचं हे असं. तोंड सरळ ठेवून बोलते, आपल्यालाच हसू येते.

१७ जुलै, रविवार

पुंडलिकराव आले होते. आमच्या वॉर्डाचे पार्षद, आमचे शेजारी आणि कुसुमवहिनीचे सासरे. चहा झाला, पाऊस झाला, संत्र्याचा मृग बहार झाला. मग मुद्दा.

"बाई, तुम्ही पाणी उकळून प्या म्हणून सांगून राहिल्या म्हणते."

म्हटलं, नर्सबाईंनी सांगितलं.

"पण नळ तं मी आणला ना! पाणी उकळा म्हटल्यावर लोक काय समजतीन? पुढच्या महिन्यात इलेक्शन हाय. हा सीधा प्रचार झाला."

मला आधी वाटलं गंमत करून राहिले. नव्हते करून राहिले.

ते गेल्यावर हे म्हणाले, "तहसिलीत नोकरी आहे माझी. तुझ्या उकळलेल्या पाण्यापायी तामियाच्या जंगलात बदली होईल." मी म्हटलं, तिथंही पाणी उकळूनच पिऊ. हसले नाहीत.

२३ जुलै, शनिवार

अठरा बाया. खरूज आणि उवा. पाण्याचा विषय टाळला. एका बाईनं विचारलं, लेकराला आंघोळ कोणत्या पाण्यानं घालायची? मी कुसुमवहिनीकडे पाहिलं. "कोमट," मी म्हटलं. कोमट चालते म्हणे, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

२८ जुलै, गुरुवार

चिन्हं वाटली. पुंडलिकरावांना कंदील. समोरून भैय्याजी उभे आहेत – गुणवंताबाईचे थोरले भाऊ, बसस्टँडजवळ किराणा दुकान. त्यांना तराजू.

३० जुलै, शनिवार

नर्सबाई लेकरांची वजनं घ्यायला आल्या. आणि कशानं घेणार? तराजूनं!!

ओसरीच्या आड्याला टांगला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात लेकरू. रस्त्यावरून सगळं दिसत होतं. नितू पारड्यात बसून हात हलवत होता, जाणारे-येणारे थांबून पाहत होते. माझ्या ध्यानातही आलं नाही. कुसुमवहिनी मात्र आपली पोरगी उचलून निघाल्या. "माह्या पोरीचं वजन मले घरीच समजते."

३१ जुलै, रविवार

सकाळपासून तिघं विचारून गेले – मंडळ तराजूकडून उभं आहे का? दूधवाला तर विचारतही नव्हता, सांगून राहिला होता. पाणी उकळायला लावलं, मग तराजू टांगला, म्हणजे झालंच.

दुपारी भैय्याजींचा निरोप – मंगळवारच्या सभेत बाईंनी दोन शब्द बोलावे. विषय तुमचाच ठेवा, पाण्याचा!

नाही म्हणून कळवलं. 

६ ऑगस्ट, शनिवार

पारडं जरा सारखं करावं म्हणून (हा शब्दही आता जपून वापरायला पाहिजे) मी आज सरकारी विषय घेतला. दोन मुलांमधलं अंतर. नर्सबाईंनी लाल त्रिकोणाचं पोस्टर लावलं. पुंडलिकरावांच्या सुनेला दोनच लेकरं, सगळं हिशोबात. कुसुमवहिनी खूश होऊन परत आल्या होत्या.

भैय्याजींना सहा लेकरं आहेत हे माझ्या डोक्यातच नाही! गुणवंताबाई उठून उभ्या राहिल्या. "हे माह्या भावाले लावून बोलून राहिल्या तुम्ही." म्हटलं, अहो, तुमच्या भावाचं नावही घेतलं नाही. "नाव घ्याले काय लागते? सहा तं लोकाईले मोजता येते."

आता आम्ही कंदीलवाले झालो. आठ दिवसांत दोन पक्ष बदलले. पुढाऱ्यांनाही एवढं जमत नाही.

८ ऑगस्ट, सोमवार

मंगलाला सांगता सांगता माझा डबा तसाच राहिला. ती डोळे पुसून पुसून हसली.

"विजूताई, आता एक करा. शनिवारी नुसती अंगाई म्हणा."

"अंगाईत चांदोबा येतो," मी म्हटलं. "तो कोणाचा?"

"अन् चांदण्यात कंदील लागत नाही. पुंडलिकराव पुन्हा चिडतीन!"

हेडमास्तर डोकावून गेले. आम्ही पदरानं तोंड झाकलं. या सगळ्यात एक मंगलाच आहे, जिला मंडळाची बाजू विचारावीशी वाटत नाही. किती बरं वाटते!

१३ ऑगस्ट, शनिवार

वीस बाया. दोन सतरंज्या. एकीवर भैय्याजींकडच्या, दुसरीवर पुंडलिकरावांकडच्या. मध्ये वीतभर फरशी. कोणी ठरवलं माहीत नाही. लेकरं मात्र फरशीवरच खेळत होती.

मी आज बोलली. जरा जोरातच बोलली. म्हटलं, बायांनो, हे मंडळ ना कंदिलाचं, ना तराजूचं. हे कोणाचंच नाही. जिला लेकरू आहे त्या प्रत्येकीचं आहे. इथं कोणाला दार बंद नाही!

टाळ्या पडल्या. दोन्ही सतरंज्यांवरून. स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू.

२१ ऑगस्ट, रविवार

मतदान. पाऊस. कोणाला दिलं ते इथंही लिहीत नाही – हे रोजनिशी वाचतात असा संशय आहे.

२२ ऑगस्ट, सोमवार

भैय्याजी अकरा मतांनी आले. अकरा! संध्याकाळी पेढे घेऊन दारात. "बाई, तुमच्या मंडळानं आणलं." कुंपणापलीकडून पुंडलिकराव ऐकून राहिले होते. त्यांनाही तेच वाटते. एवढ्या दिवसांत दोघांचं एकमत झालं ते यावर.

पेढे घेतले नाहीत. ह्यांनी घेतले.

२७ ऑगस्ट, शनिवार

कुसुमवहिनी आल्या! मला वाटलं आता येत नाहीत. पोरीचा ट्रिपलच्या लशीचा डोस होता. नर्सबाईंनी सुई काढली तसा पोरीनं सूर लावला आणि कुसुमवहिनींनी तोंड फिरवलं – त्यांना सुई पाहवत नाही. गुणवंताबाईंनी पुढं होऊन पोरीचा पाय धरला. मग गुणवंताबाई म्हणाल्या, "मजबूत हाय हो पोरगी तुमची." आणि दोघी एकाच सतरंजीवर बसल्या.

या एका दिवसासाठी सगळं केलं असं वाटलं.

२९ ऑगस्ट, सोमवार

मंगला शाळेत नाही. तिची दुसरी माझ्या वर्गात बसवली. एकशे चार पोरं. तिला हे सगळं सांगायचं राहून गेलं.

३० ऑगस्ट, मंगळवार

आजही नाही. हेडमास्तरांनी सांगितलं – तिच्या भावाची मुलगी गेली. रविवारी. सव्वा वर्षाची.

जुलाब.

३१ ऑगस्ट, बुधवार

शाळा सुटल्यावर गेली. नाल्यापलीकडे, विहाराच्या मागं. आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटं. चार वर्षं एका बाकावर बसतो आणि आज पहिल्यांदा गेली. घर कोणतं ते विचारावं लागलं.

मंगला दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिची वहिनी कमल आत भिंतीकडे तोंड करून निजलेली. भाऊ दादाराव बागेत कामाला गेला होता – जावंच लागते.

मंगलानं खाट टाकली. मी बसली. मग ती सांगत गेली, सुपावरून नजर न उचलता. शुक्रवारी लागले जुलाब. मंगलाच्या आईनं पाणी बंद करायला सांगितलं, कमलनं ऐकलं. "शनिवारी मी शाळेतून आली तं पोरीचे ओठ चिकटून राहिले होते. पाणी मांगत होती. मी नाही देल्लं, विजूताई. मीनंच. देल्लं तं अजून होईन म्हणून."

मी म्हटलं, "मंगला, मी तुला सांगितलं होतं ना –"

आणि थांबली. काय सांगितलं होतं मी तिला? पुंडलिकराव काय म्हणाले ते. तराजू कसा टांगला ते. सहा लेकरं, दोन सतरंज्या. पाणी उकळण्यावरून कोण रुसलं, तेही. पोटभर हसवलं. पण ते पाणी लेकराला कधी द्यायचं, त्यात मीठ किती, साखर किती – हे एकदाही नाही. दीड महिन्यात एकदाही नाही!

तिनं मान वर केली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बोलावलं असतं तं आली असती मी."

"अगं, कोणाला दार बंद नव्हतं –"

"नव्हतं. पण तुम्ही घरोघरी बोलवाले निघाल्या होत्या ना? नाल्यापर्यंत आल्या होत्या. आमच्या बायाईनं पायलं होतं." तिनं एक खडा काढून टाकला. "मंडळ कोणाकडून हाय, हे सारं गाव तुम्हाले विचारत होतं. आम्ही नाही विचारलं. आम्हाले माहीत होतं."

खरं आहे. नाल्यापर्यंत गेली होती मी. मग परत फिरली. का, ते मनात आलंही नव्हतं. नाला आला म्हणून फिरली.

निघताना ती म्हणाली, "इथं अजून सहा लेकरं पडून हायेत. रविवारी सकाळी विहाराजवळ बाया जमवते मी. तुमच्यातल्या चार-दोघी घेऊन या. एकटीनं सांगितलं तं म्हाताऱ्या ऐकत नाहीत."

सहा लेकरं आहेत म्हटल्यावर रविवारपर्यंत थांबणं काही बरोबर वाटेना. तिथंच चूल पेटवायला लावली, पाणी उकळून थंड केलं, सहाही घरी मंगलाला घेऊन गेली. मीठ दाखवलं, साखर दाखवली. एका घरी साखर नव्हती, गूळ घातला. कमल उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि पाहत राहिली. तिच्याकडे पाहणं मला झालं नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

पाच लेकरं उठून बसली. सहावं दवाखान्यात आहे, नर्सबाई म्हणतात निभेल.

मंगला शाळेत आली. डबा खाल्ला. हसलो नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

मंडळात विचारलं – उद्या माझ्यासोबत नाल्यापलीकडे कोण येते? कुसुमवहिनी म्हणाल्या, पोळा तोंडावर आला, घर सारवायचं हाय. गुणवंताबाई म्हणाल्या, सासूबाई मंग चुलीजवळ येऊ देणार नाहीत जी. बाकीच्या आपापल्या लेकरांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत बसल्या. उद्या मी एकटीच जाते.

भैय्याजींकडच्या आणि पुंडलिकरावांकडच्या – सगळ्या बायांचं आज पहिल्यांदा एकमत झालं.