मागच्या खोलीतली प्रतिवादी

वसमत

प्रिय हुमेरा,

'प्रिय' लिहिताना हात अडला हे खरं. पण आपल्या दोघींमधले सगळे कागद 'वादी' आणि 'प्रतिवादी' असेच चाललेत, तेव्हा एक तरी कागद माणसासारखा सुरू व्हावा असं वाटलं. मी नीलांबरी. तुमचं वसमतचं घर ज्यांनी विकत घ्यायचं ठरवलं आणि ज्यांच्यावर तू दावा लावलास, त्या जोडप्यातली बायको. कोर्टाच्या व्हरांड्यात आपण समोरासमोर आलो तेव्हा तू तोंड फिरवलंस. मी तुझ्याआधीच फिरवलं होतं, म्हणून तुला दोष देत नाही. तुला अगं-तुगं करतेय, रागावू नकोस. तुझी अम्मा दिवसभर तुझ्याबद्दल इतकं सांगत असते की अहो-जाहो करायला गेले तर माझं मलाच हसू येईल. लहानपणी तू रुसलीस की पाण्याच्या हौदामागं लपायचीस, हेसुद्धा मला ठाऊक आहे.

आमचं पहिलंच घर हे. नवराबायकोंनी भाड्याच्या खोल्या बदलून बदलून इतकी वर्षं काढली की आमच्या कपाटाला सरळ उभं राहायची सवय उरली नाही. त्यामुळं घाई झाली, आणि ती घाईही आमच्याच पद्धतीची. गेल्या वर्षी ज्येष्ठात तुझ्या भावाशी, अबूबकरभाईंशी इसारपावती झाली, तुझ्या अम्मानं त्यावर अंगठा दिला. खरेदीखत बाकी होतं, त्याआधी पेपरात जाहीर नोटीस द्यायची होती. तेवढ्यात माझ्या वडिलांनी, नानांनी पंचांग उघडलं. नाना हिंगोलीकडच्या गोरेगावच्या देवळात पूजा सांभाळतात. त्यांच्या पंचांगापुढं रजिस्ट्री ऑफिसची काय पत्रास! हा मुहूर्त गेला की चातुर्मास, मग तुळशीचं लग्न लागेपर्यंत वास्तुशांत नाही, असं त्यांनी सांगितलं. अबूबकरभाई म्हणाले, "राहायला या ना बिनघोर. बहिणीनं हक्क सोडलेला हाय तोंडी, कागद काय, होऊन राहिला." आम्ही वास्तुशांत केली, दूध उतू घातलं, संसार आणून टाकला, जुनी खोली सोडून दिली, आणि मग नोटीस छापली. म्हणजे लग्न लावून मग मुलीला पसंती विचारली.

पुढचं तुला माहीतच आहे. तुझी हरकत आली, मागोमाग दावा, आणि त्यावर कोर्टाचा हुकूम: निकालापर्यंत 'जैसे थे'. कोर्टानं नेमलेले साहेब पाहणीला आले त्या दिवशी तुझी अम्मा, म्हणजे आमची चाची, मागच्या खोलीत होती. तिची ट्रंक नांदेडला अबूबकरभाईंकडं जायला दोरीनं बांधून तयार होती, त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. साहेबांनी लिहून घेतलं: पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या खोलीत खतीजाबी भ्रतार अजीज. मग झाडून सगळ्या वकिलांनी एकच सांगितलं, की जो जिथं आहे त्यानं तिथंच राहायचं. त्या ट्रंकेची दोरी आम्ही दोघींनी मिळून सोडली.

तेव्हापासून आम्ही घरात नाही, अडकलोय. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. स्वयंपाकघर गळतं, पण पत्र्याला हात लावायचा तर कोर्टाची परवानगी, आणि परवानगीच्या अर्जाला तारीख. मी अंगणात तुळशीला ओटा घालायला विटा आणल्या तर वकील ओरडले, "बांधकाम म्हणतील त्याला!" माझी तुळस तेलाच्या डब्यात आहे. घराला कुलूप लावून सगळ्यांनी बाहेर पडायचं नाही, ताबा गेला म्हणतील. माझा नवरा अपूर्व कारखान्यावर नोकरीला जातो, म्हणून घरात कोण? मी. शाळेतली माझी नोकरी त्यात गेली. हिंगोलीला सख्ख्या मावसबहिणीचं लग्न झालं, मी फोटोत पाहिलं. कधी कधी दुपारी दाराशी उभी राहून रस्त्यावरच्या एसटीकडं बघते आणि रडू येतं. आत जावं तर घर माझं नाही, बाहेर पडावं तर तेही जाईल.

मला तुझा भयंकर राग आला होता. तो लपवून गोड लिहायला मी बसलेली नाही. तुझे अब्बा, अजीजचाचा गेल्यावर इतके दिवस गप्प होतीस, आमचं दूध उतू गेल्यावरच बरी तुला जाग आली, असं मी गल्लीत चारचौघींत बोलले. बोलले ते चाचीनंही ऐकलं असणार. स्वयंपाकघर एकच आहे आमचं. त्या दिवशी तिनं माझ्या वाटणीची भांडीही घासून ठेवली. त्यानंतर मला तुझ्या नावानं बोटं मोडायची पंचाईत झाली.

तसं आमचं बरं चाललं होतं. तिला मटण करायचं असलं की ती अंगणात तीन दगडांची चूल मांडते, मी खिडकी लावून घेते, आणि मग खिडकीच्या अल्याड-पल्याड आमच्या गप्पा चालतात. माझ्या वरणाला ती "पाणी" म्हणते. ईदेला शिरखुर्म्याची वाटी तुझ्यासाठी झाकून ठेवली होती. तुझं शिरड शहापूर काय लांब आहे का, एका एसटीचं अंतर! पण तुझ्या वकिलांनीही तुला सांगितलं असणार, निकाल लागेपर्यंत त्या घरात पाय टाकू नकोस म्हणून. संध्याकाळी ती वाटी तिनं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "खा. दूध नासंल."

आता खरी गोष्ट. तिची तब्येत बरी नाही, हुमेरा. पायांना सूज आहे, न्हाणीपर्यंत चाललं तरी धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचं आहे, वेळ न घालवता नांदेडला दाखल करा. अबूबकरभाई गाडी घेऊन आले. ती उठेना. परत आले, सून आली, नातवंडं आणली. हिनं खाटेची कड धरून ठेवली. "कोर्टानं हलू नको म्हटलं ना, मंग काहून उठवता?" एवढंच बोलणं. मी स्वतः आमच्या वकिलांना विचारून आले. दवाखान्यात नेलं म्हणून कुणी धरत नाही, असं ते म्हणाले. ते सगळं तिला समजावलं. तिनं मान डोलावली आणि कूस बदलली.

काल दुपारी मी तिचे पाय चेपत होते. ती एकदम म्हणाली, "नीलू, जरा वेळ हुमेरा हो." मला वाटलं भ्रम झाला. तर म्हणते, "भ्रम न्हाई झाला. तुला बराबर वळखते मी. पर ती तर येत न्हाई, आन् मला सांगायचं हाय. तू बस तिच्या जागी." मी बसले. ती माझ्याकडं न बघता बोलली, "तुझे अब्बा गेले, अबूबकरनं कागद आणला, मी अंगठा देला. तुला इचारलं न्हाई. पोरी हक सोडतातच, म्हणून. माझ्या भावानं बी असंच मला इचारलं न्हवतं. लई वर्सं माझ्या मनात ते कुसळावानी टोचलं, आन् तरी तुला इचारलं न्हाई मी." मग माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "बोल की," म्हणाली.

काय बोलणार होते मी? 'सोडला हक, काढते केस' असं तुझ्या तोंडानं मी म्हटलं असतं तर? आलं मनात, नाही कशाला म्हणू. 'राग नाही अम्मा' एवढं तरी म्हणावं, म्हातारीला बरं वाटेल, हेही आलं. पण तो राग तुझा आहे. तो ठेवायचा की सोडायचा हे मी कोण सांगणार? मी म्हटलं, "चाची, मला नाही जमत हुमेरा व्हायला." ती म्हणाली, "व्हय. मला बी दुसऱ्या कुणाला सांगून भागंना."

आणि मग तिनं मला ते सांगितलं, ज्यासाठी अपूर्वला न सांगता मी हे लिहितेय. कोर्टाची भीती तिला कधीच नव्हती. 'मी नांदेडला गेले की मागची खोली रिकामी होईल, आणि ती रिकामी झाली की घर पुरतं विकलं जाईल, मग माझ्या लेकीचं इथं काय राहिलं?' हा तिचा हिशोब. कागदावर ती तुझ्या विरुद्ध आहे, आणि गेलं वर्षभर त्या खाटेवर बसून ती तुझा हिस्सा राखतेय. या घराची विक्री तिला मनातून मान्य नाही, हे तिच्याच शेजारी राहणारी प्रतिवादी तुला आपल्या हातानं लिहून देतेय. हा कागद तुझ्या वकिलांनी कोर्टात लावला तर आमची बाजू पडेल, एवढं मला कळतं. लाव हवं तर. दावाही काढू नकोस. पण त्याआधी, उद्याच्या उद्या, मिळेल त्या गाडीनं ये आणि तिला ऊठ म्हण. आम्ही सगळे सांगून थकलो. ती फक्त तू सांगितलंस तर उठेल.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली, तुझीच
नीलांबरी