पांढरा खडा

सोमवार, ४ मे

अखेर पोचलो! सात तास बस, आई मागच्या बाकावर आडवी, आणि ड्रायव्हर असा की टपावरच्या कोंबड्यांनीही शेवटी ओरडणं सोडून दिलं. आईनं मात्र कुरकूर केली नाही. कुरकुरणार तरी कशी म्हणा. लकव्यानं डावी बाजू गेली, वाचा गेली, आता नुसतं 'आँ' एवढाच आवाज निघतो. त्या एका 'आँ'मधून मला तिचं सगळं कळतं, भूक, राग, उशी बदल, सगळं.

शाळेनं दिलेलं घर लाकडी आहे. दोन खोल्या, मागे चूल, परसात ओढा. डोंगरावरची थंडी हाडात शिरते, म्हणून आईसाठी चूल दिवसभर पेटती ठेवायची असं मी ठरवलंय. खाली पायाकुम्बुह शहरात अकरा महिन्यांत आम्ही चार घरं बदलली. घरात आजारी माणूस आहे म्हटलं की घरमालकांना आपल्या पुतण्याचं लग्न आठवतं, खोली रिकामी हवी असते. इथून आता मला कुणी हलवू नये, एवढंच मागणं आहे.

शेजारच्या उनी जुस्नी (उनी म्हणजे ताई) कॉफीच्या पानांचा चहा घेऊन आल्या आणि सोबत प्रश्नांचं गाठोडं. चौतीस वर्षांची, नोकरी पक्की, आणि लग्न नाही? म्हणजे बाई एकतर फार चोखंदळ किंवा फार तापट, असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं दोन्ही. त्या इतक्या हसल्या की आईसुद्धा अर्ध्या तोंडानं हसली. शाळेच्या वेळात आईकडे बघायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. गाव चांगलं आहे.

शनिवार, ९ मे

आज दातुक रामलान यांनी बोलावून घेतलं. दातुक म्हणजे गावातलं मोठं माणूस, आजोबाच सगळ्यांचे. मला वाटलं शाळेबद्दल काही असेल. निघाला खेळ!

त्यांच्या ओसरीवर एक जुनी फळी आहे. तिच्यावर सगळं गाव कोरलंय: ओढा, दलदल, बटाट्याची शेतं, दालचिनीची राई, जुनी थडगी, एकूण एक घर. फळीवर चौकोन आखलेत. या चौकोनांपैकी एकात बुटका लपलेला असतो. (बुटका म्हणजे काय हे इथे कुणाला विचारायचं नसतं. डोंगरात राहतो, माणसाच्या कमरेएवढा आहे, पुरे.) दातुक आधी दोन दिवस रानाच्या कडेनं फिरतात. मोडलेली आल्याची रोपं, दबलेलं गवत, अशा खुणा बघतात आणि पाच चिठ्ठ्या लिहितात. त्या पाच बांबूच्या नळ्यांत घालून पाच जणांना देतात. प्रत्येकाला एकच खूण कळते. पाचही खुणा जुळतील असा चौकोन फळीवर एकच असतो.

आपली पाळी आली की एका चौकोनावर बोट ठेवायचं आणि कुणा एकाला विचारायचं, इथे असेल का? त्याच्या खुणेप्रमाणे असू शकेल तर त्यानं दालचिनीच्या सालीचा तुकडा ठेवायचा, नसेल तर पांढरा खडा. बाकी तोंडातून ब्र काढायचा नाही. कॉलेजात असले तर्काचे खेळ मी रात्रंदिवस खेळलेय. मला तर उकळ्याच फुटल्या.

पाचवी नळी नेहमी शाळेच्या बाईंकडे असते म्हणे. एकट्यानं कुणाच्या घराकडे बोट दाखवलं तर डोकी फुटतील, म्हणून पाच जण. आणि बाई बाहेरच्या, त्यांचं कुणाशी वाकडं नाही, त्या खोटा खडा कशाला ठेवतील? चौकोन सापडला की ती जागा चाळीस दिवस मोकळी सोडायची. दातुक म्हणाले, बुटका सापडला की तो निघून जातो. सापडला नाही तर मुक्काम करतो.

शनिवार, १६ मे

आज खेळ झाला. मी, दातुक, उनी जुस्नी, बटाटेवाले पाक मार्झुकी आणि गिरणीवाले पाक दारविस. (पाक हे पुरुषांना मानानं लावायचं.) माझ्या नळीत चिठ्ठी होती: 'दिवसभर न विझणाऱ्या चुलीजवळ.'

पाक मार्झुकी म्हणजे चालतीबोलती जत्रा. बोलायचं नसतं तरी भुवयांनी बोलतात. माझ्यासमोर बोटं नाचवून त्यांनी मला कोड्यात टाकायचा खूप प्रयत्न केला. पण तासाभरात बाकीच्या चौघांच्या खुणा माझ्या लक्षात आल्या. ओढ्याचा आवाज, वर छप्पर, दालचिनीचं झाड नाही, थडग्यांपासून लांब. फळीवर दोनच चौकोन उरले. एक पाक मार्झुकींची शेतातली झोपडी. दुसरं माझं घर.

झोपडीत चूल पेटते ती दुपारच्या भाताला. दिवसभर चूल पेटते ती फक्त माझ्याकडे. चिठ्ठ्या दातुकांनीच लिहिल्या, पण माझी चूल किती वेळ पेटते हे त्यांना ठाऊक नाही.

उनींनी माझ्या घरावर बोट ठेवून मलाच विचारलं. मी पांढरा खडा ठेवला.

झोपडीवर पाचही जणांनी साल ठेवायची वेळ आली तेव्हा मीही ठेवली. आईला उचलून चाळीस दिवस कुठे नेऊ? शाळेच्या कोठीत, सिमेंटवर? एका फळीच्या खेळापायी?

रविवार, १७ मे

पाक मार्झुकींनी झोपडी सोडली. बटाटे काढायला आलेत, पण आता चाळीस दिवस त्या शेतात पाय ठेवायचा नाही. ते माझ्या दारावरून जाताना म्हणाले, की बुटक्याला बटाटे आवडत असतील तर निदान सोलून तरी खा म्हणावं. मी हसले. मग दार लावून घेतलं.

गुरुवार, २१ मे

आई बोलली!

शाळेतून आले, दप्तर ठेवलं, आणि खाटेवरून स्वच्छ आवाज आला: "उपिक." लहानपणी ती मला उपिक म्हणायची. मी तिच्या कुशीत तोंड खुपसून ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले होते आशा सोडा. इथल्या हवेनं केलं की काय. उनींना धावत जाऊन सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की सकाळी मला परसातून बोलणं ऐकू आलं, मग घरात आणखी कोण होतं?

रविवार, २४ मे

आईचे केस विंचरलेले, तेल लावून घट्ट अंबाडा. मी घातला नाही. उनी शपथेवर सांगतात, त्यांनीही नाही. अंबाड्यात आल्याचं पान खोचलेलं होतं.

आई खूप बोलते आता. माझ्या शाळेतल्या पहिल्या दिवसाबद्दल, बाबांच्या सायकलबद्दल. मी ऐकत बसते. सुख वाटतं, खोटं कशाला लिहू. पण ती बोलत असताना डोळे माझ्याकडे नसतात. उजवी पापणी काहीतरी सांगत असते, आणि तोंड दुसरंच.

बुधवार, २७ मे

चुलीसमोरच्या राखेत पाऊल. लहान मुलाएवढं. टाच पुढच्या बाजूला.

राख सारवून टाकली. आईला विचारलं, कुणी आलं होतं का. ती म्हणाली, कोण येणार, आपण तिघंच तर असतो.

शुक्रवार, २९ मे

उनी आता येत नाहीत. दारातूनच सांगून गेल्या. सकाळी त्या खाटेपाशी बसल्या होत्या, आई झोपलेली. आणि आईच्याच आवाजात चुलीपाशी कुणीतरी गाणं म्हणत होतं. त्या माझा हात धरून म्हणाल्या, की बाई, तुम्ही खडा नीट ठेवला होता ना?

मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या आईची वाचा आली तर तुमच्या पोटात का दुखतं, असं म्हणाले. बाहेर आवाज गेला. सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार.

त्या गेल्यावर खाटेपाशी आले. पांघरुणाखाली दोघांच्या श्वासाचा आवाज—

बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

रविवार, ३१ मे

दातुकांना सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, की लपलेल्याला कुणी लपवून ठेवलं, की त्याला ते घर आपलं वाटतं. घरातल्या माणसांसारखं वागायला लागतो. आधी आवाज घेतो.

विचारलं, तो गेला तर आईची वाचा राहील का. म्हणाले, त्याचं ते तो घेऊन जाईल. आई पहिल्यासारखी होईल. उद्या तुमच्याच घरात पुन्हा खेळ मांडू.

पहिल्यासारखी. म्हणजे 'आँ'. आज मला त्या 'आँ'साठी जीव द्यावासा वाटतो. अकरा महिने तो मला नकोसा होता.

पाक मार्झुकींचे पाय धरायला गेले. त्यांचे बटाटे जमिनीत कुजले. त्यांनी मला पाय धरू दिले नाहीत. म्हणाले, की बाई, शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करता ना? मग उद्या खेळ झाला की तुम्हीही उभ्या राहा. आणि आईला मी पाठीवर नेईन, काळजी करू नका. मला रडूच कोसळलं.

सोमवार, १ जून. सकाळ

शाळेला सुट्टी. पाचही जण आमच्या घरी. या वेळी चिठ्ठ्या नव्या, आणि फळीवर माझंच घर, खोल्यांनिशी कोरलेलं. चुलीपाशी? खडा. दारापाशी? खडा. खाट? दातुक— साल. दारविस— साल. मार्झुकी, उनी— साल, साल.

माझी पाळी. आई खाटेवरून बघते आहे. "नाही म्हण, उपिक. मी परत मुकी होईन गं." हाच आवाज, हुबेहूब हाच. मी क्षणभर मागितलाय. पायरीवर बसून लिहितेय.

ठेवते. साल ठेवते.

सोमवार, १ जून. दुपार

शाळेच्या व्हरांड्यात आहोत. ठेवली साल.

पाचवी साल पडली की लगेच निघायचं, एक शब्द नाही, मागे वळून बघायचं नाही. मी पुढे. पाक मार्झुकींनी खाटेवरून आईला गोधडीसकट पाठीवर घेतलं. तोंडावरून गोधडी, कारण बारीक पाऊस होता. कुणी उघडून बघितलं नाही. बघायचं नसतंच.

ओढ्यापाशी मागून आवाज आला. घरातून. 'आँ— आँ—'

मी वळले नाही. नियम. मला वाटलं त्याचीच लबाडी. पुन्हा आला, लांबून, आणि मी दात घट्ट आवळून चालत राहिले.

आता सगळे गेलेत दातुकांची फळी त्यांच्या ओसरीवर पोचवायला. पाक मार्झुकी जाताना कौतुकानं म्हणाले, की बाई, आजारी म्हणता, पण माझ्या गळ्याला दोन्ही हातांची काय पक्की मिठी होती!

दोन्ही हातांची.

डावा हात— अकरा महिने—

बाकावर गोधडी आहे. अजून तोंडावरून तशीच. मी पाच हात लांब बसलेय. लिहितेय म्हणजे हात कशात तरी गुंतलेला राहील.

इथून माझं घर दिसतं. खाटेजवळच्या खिडकीत काहीतरी पांढरं हलतंय. एकच हात. उजवा. ती उशी बदल म्हणून हलवायची तसाच.

चाळीस दिवस तिथे पाय ठेवायचा नाही. कोण तिला पाणी— चूल कोण— मी जाते. मरू दे नियम. अमाक, आई गं, येते मी, आले, मी खोटं—

गोधडी बोलली. "कुठे चाललीस, उपिक."

वही ठेवून पळायचं. एक, दोन— माझ्या मनगटावर— डावा—